काकूंनी न घेतलेला डबा

मंडळी, प्रवासात सामान कमी न्या, असं या ग्रुपवर सगळ्यांना ऐकवणारी मीच. आज मात्र जास्तीचा डबा घेऊन गेले ती मीच.

वर्ध्याजवळ सिंदी मेघेत आमच्या शेजारी राहणारे काका कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला जातात. सोबत फक्त काकू. पहिल्या खेपेला काकूंनी पिशव्या, चटई, पाण्याची कॅन असं अख्खं घरच बांधून नेलं होतं. आज संध्याकाळी त्यांना सोडायला वर्धा स्टेशनवर गेले, तर काकूंच्या खांद्याला एकच झोळा.

"वा काकू, शिकल्या तुम्ही!" मी म्हणाले. आणि गावाला निघालेल्याला आपण देतोच तसा तिखट पुऱ्यांचा डबा पुढे केला.

काकूंनी तो घेतलाच नाही. त्या काकांना धरून उभ्या होत्या.

"नको वं बाई. एक हात यायच्या पाठीले लागते, दुसरा काखेत. डबा कायनं धरू?"

काकांचं बॅगांचं दुकान होतं. त्यांनी झोळ्याकडे बघितलं. "चेन लावून घेजो," एवढं म्हणाले आणि त्यांना धाप लागली.

गाडी आली. काकूंनी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत चढवलं. मी खाली उभी, दोन्ही हातांत डबा धरून.

तो आता ओट्यावर आहे. झाकण उघडवत नाही.

असं कुणी निघालं की आपण सगळेच डबा घेऊन स्टेशनवर जातो. तिकीट काढून सोबत कोण जातं?