‘नो, सर’ म्हणायची इंग्रजी

जपानी ब्रह्मदेशात घुसले त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली बेळगाव कॅम्पातल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सिग्नल प्लॅटूनला झाली. मी तेव्हा लान्सनाईक होतो. उचगाव माझं गाव. कॅम्पातून सुट्टी मिळाली की चालत घरी जाऊन जेवून परत येता येई, त्यामुळे आई खूश होती. मी मात्र खूश नव्हतो. सिग्नलमध्ये पुढची फीत हवी असेल तर इंग्रजीचं सेकंड क्लास सर्टिफिकेट लागायचं, आणि त्या परीक्षेत मी एकदा नापास झालो होतो.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, पलटणीत सगळं हुकमावर चालतं, भाषेचं काय काम? हुकूम उर्दूत असत. घरचं बोलणं मराठीत. पण लढाई सुरू झाल्यावर विलायतेहून नवे नवे साहेब यायला लागले. जुन्या साहेबांना उर्दू यायची, काहींना आमची मराठीही. नव्यांना ‘पानी लाओ’ एवढंच यायचं. वायरलेसवर त्यांच्याशी बोलायचं तर इंग्रजीच हवी.

थर्ड क्लास सोपी होती. अक्षरं, आकडे, सोपी वाक्यं. ती मी पहिल्या फटक्यात काढली. सेकंड क्लासला डिक्टेशन, एक छोटा रिपोर्ट आणि तोंडी परीक्षा. लिहिण्यात मला चांगले मार्क पडले. मग तोंडीसाठी आत गेलो. बाहेरून आलेले एक मेजरसाहेब बसले होते. त्यांनी विचारलं, “हाउ लाँग हॅव यू बीन इन बेलगाम?”

मी टाच आपटून म्हणालो, “यस, सर!”

साहेब हसले नाहीत. दुसरा प्रश्न आला, “व्हॉट डिड यू डू यस्टरडे?”

“यस, सर!”

तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

माझ्यासोबत निपाणीचा मारुती होता. त्याचीही तीच गत. त्याचं घर तंबाखूच्या वखारीत काम करणारं. माणूस बोलका, सगळ्या बराकीला हसवणारा. पण साहेबासमोर त्याच्याही तोंडून ‘यस, सर’शिवाय काही बाहेर पडलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाला, “परशा, साहेबानं इचारलं आसतं, तू गाढव हाईस काय, तरी आपुण यस सरच म्हणालो आसतो की रं.”

त्यानंतर आमचा क्लास हवालदार दत्तोबांकडे आला. शहापूरच्या विणकर घरातला माणूस. उंचीनं बेताचा, आवाज स्वच्छ. वडील मागावर साड्या विणायचे. दत्तोबा इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या आधीपर्यंत शिकून पलटणीत भरती झालेले. शिकवणाऱ्याला पलटणीत ‘उस्ताद’ म्हणतात. आम्ही त्यांना उस्तादच म्हणत असू.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला दोन-चार प्रश्न विचारले. ते झाल्यावर खडू खाली ठेवून मराठीत म्हणाले, “तुमाला इंग्रजी येती. वाचता येती, लिवता येती. तुमाला एकच गोष्ट येत न्हाय. साहेबाला ‘न्हाय’ म्हणता येत न्हाय. समजलं न्हाय तरी यस सर. चुकीचं आसलं तरी यस सर. आसल्या इंग्रजीनं माणसं मरतील.”

आणि नियम केला. त्यांच्या क्लासात न समजता जो ‘यस’ म्हणेल त्यानं रायफल डोक्यावर धरून मैदानाला चक्कर मारायची. पहिल्या आठवड्यात आमच्या क्लासानं मैदानाचं गवत उठू दिलं नाही.

त्यांची शिकवण्याची रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. दोघांना पाठीला पाठ लावून बसवत. एकापुढे दगड, काड्या, पानं मांडत. त्यानं इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्यानं तसंच आपल्यापुढे मांडायचं. हात दाखवायचा नाही, मराठी शब्द काढायचा नाही. “पुट द बिग स्टोन लेफ्ट ऑफ द स्टिक.” मग दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी बघायच्या. सुरुवातीला माझा दगड एकीकडे आणि मारुतीची काडी तिसरीकडेच असायची. तिथं आम्हाला कळलं, की ‘बिहाइंड’ आणि ‘बिसाइड’ यांत किती फरक असतो.

दुसरी रीत आणखी वेगळी. तोंडावर टॉवेल धरून बोलायचे. शेजारी एकाला पत्र्याचा डबा बडवायला बसवायचे. त्या गोंगाटात आम्ही निरोप ऐकून घ्यायचा. नाही कळला तर म्हणायचं, “से अगेन, सर.” एखादाच शब्द नाही कळला तर तोच शब्द धरून सांगायचं, “आय डू नॉट अंडरस्टँड धिस वर्ड.” मारुती एकदा कंटाळून म्हणाला, “उस्ताद, साहेबाला शब्द कळला न्हाय म्हणून सांगायला लाज वाटती.”

उस्ताद म्हणाले, “लाज मैदानात वाटू दे. एक चक्कर.”

आणि मुद्दाम चुकीचं सांगायचे. “परशराम, द रिव्हर इज इन फ्रंट ऑफ द कुकहाउस. करेक्ट?” मी उभं राहून म्हणायचं, “नो, सर. देअर इज नो रिव्हर. देअर इज अ ड्रेन.” ‘नो’ म्हणताना आवाज खाली गेला तर परत म्हणायला लावत. नुसतं ‘नो’ म्हणून भागायचं नाही. नो का, आणि मग खरं काय, हेही सांगायचं. काल काय होतं, आज काय आहे, हे क्रियापदातून कळलं पाहिजे. ‘वॉज’ आणि ‘इज’ यांवर त्यांनी आमचे दोन महिने काढले असतील.

पावसाळ्यात पुन्हा परीक्षा लागली. तिच्या आधीच्या आठवड्यात हुकूम आला, जांबोटीच्या रानात एक्सरसाइज. पलटण ब्रह्मदेशात जाणार होती. तिकडचं रान आणि पाऊस कसा असतो ते जांबोटीत शिकवायचं असं वरच्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांचा अंदाज बरोबर होता. तिथला पाऊस उभा नसतो, आडवा येतो. आठवडाभरात माझ्या बुटांवर बुरशी आली.

एक्सरसाइज खऱ्या दारूगोळ्याची होती. मी आणि मारुती सिग्नलर म्हणून ज्या प्लॅटूनबरोबर होतो तिनं सकाळी मलप्रभा उथळ पाण्याच्या उतारावरून ओलांडायची आणि उत्तरेकडच्या डोंगरसोंडेवर जाऊन बसायचं. त्यानंतर ठरल्या वेळी मॉर्टरवाले दक्षिणेकडच्या सोंडेवर बॉम्ब टाकणार. आम्ही ते पाहायचं आणि धूर विरला की तिथं चढाई करायची. प्लॅटूनचे कमांडर जमादारसाहेब होते. सातारकडचे, जुने शिपाई, रानाचे जाणकार. इंग्रजी त्यांना येत नव्हती. आतापर्यंत कधी गरजही पडली नव्हती. वायरलेस सेट मारुतीच्या पाठीवर, हेडफोन माझ्या कानाला.

आम्ही नदीवर पोचलो तर उतार राहिलाच नव्हता. रात्री वरच्या अंगाला पाऊस कोसळला असणार. लाल पाणी झाडांच्या फांद्या घेऊन चाललं होतं. जमादारसाहेबांनी काठी घालून पाहिली, मागे आले. म्हणाले, “इथून माणूस जाणार नाही. वर चला.”

मी सेटवर निरोप द्यायचा प्रयत्न केला. कानात नुसती खरखर. दरीत होतो, मध्ये डोंगर. नदी वर जिथं अरुंद होते तिथं दोर बांधून आम्ही पलीकडे गेलो. पलीकडे गच्च रान. वाट नाही. साहेब एका ओहोळाच्या काठानं वर घेऊन गेले. चढून उघड्यावर आलो तेव्हा साहेबांनी नकाशा काढला, समोर बघितलं आणि तोंडातून एकच शब्द निघाला, “अरे!”

उत्तरेची सोंड आमच्या समोर होती. आम्ही दक्षिणेच्या सोंडेवर उभे होतो.

त्याच क्षणी पहिला बॉम्ब आला. आमच्या खाली, उतारावर फुटला. चिखल आणि दगड अंगावर पडले. एका जवानाच्या खांद्यात तुकडा घुसला. तो ओरडला नाही, खाली बसला आणि खांद्याकडे बघत राहिला.

“लेटो!” साहेबांनी हुकूम दिला. सगळे झोपले. “सिग्नल! बंद करायला सांग!”

उंचीवर आल्यामुळे सेट आता बोलत होता. मॉर्टर लाइनवर आमचा मराठी सिग्नलर असायचा, पण तो तारेचा बिघाड काढायला गेला होता हे मला मागून कळलं. कानात गोऱ्याचा आवाज आला. लेफ्टनंट हॅरिस. विलायतेहून येऊन महिनाही झाला नव्हता. उर्दू शून्य.

मी म्हणालो, “स्टॉप फायरिंग, सर. स्टॉप फायरिंग. युवर बॉम्ब इज फॉलिंग ऑन अस. ओव्हर.”

“यू कॅन्ट बी देअर,” ते म्हणाले. “यू आर ऑन द नॉर्थ स्पर. करेक्ट? ओव्हर.”

आयुष्यात कधी मी खऱ्या साहेबाचं म्हणणं खोडलं नव्हतं. मारुतीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यालाही हेडफोनमधला आवाज पुसट ऐकू येत होता. तो एवढंच म्हणाला, “परशा. नो म्हण.”

“नो, सर,” मी म्हणालो. आवाज खाली जाऊ दिला नाही. “अवर ऑर्डर वॉज नॉर्थ स्पर. वी आर नॉट ऑन नॉर्थ स्पर. द रिव्हर इज फुल. वी हॅव क्रॉस हायर अप. नाउ वी आर ऑन साउथ स्पर. वी आर ऑन युवर टार्गेट. ओव्हर.”

मग प्रश्न आला. “आर यू ॲब्सोल्यूटली सर्टन ऑफ युवर पोझिशन? ओव्हर.”

‘सर्टन’ हा शब्द मला माहीत नव्हता. ‘शुअर’ माहीत होता. सर्टन म्हणजे काय? यस म्हणावं तर त्याचा अर्थ ‘चालू ठेवा’ असा निघाला तर? जमादारसाहेब ओरडत होते, “काय म्हणतोय तो?” जखमी जवानाला दोघं खडकाआड ओढत होते.

मी म्हणालो, “सर, आय डू नॉट अंडरस्टँड ‘सर्टन’. आय से अगेन. वी आर ऑन युवर टार्गेट. युवर बॉम्ब फेल बिलो अस. वन मॅन इज वूंडेड. स्टॉप फायरिंग. ओव्हर.”

या वेळी उत्तर लगेच आलं. “स्टॉप! स्टॉप!” ते आपल्या माणसांवर ओरडत होते, मायक्रोफोन उघडाच होता. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते मला म्हणाले, “फायरिंग हॅज स्टॉप्ड. स्टे व्हेअर यू आर. वेल डन. ओव्हर.”

मी जमादारसाहेबांना सांगितलं, “बंद झालं, साहेब.” ते उठून बसले, पगडी झटकली आणि जखमी जवानाकडे गेले. मारुती पाठीवरच्या सेटसकट चिखलात आडवा पडून हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, की पावसाचं होतं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी लेफ्टनंट हॅरिस स्वतः चालत आमच्या प्लॅटूनकडे आले. चेहरा पांढरा पडला होता. जखमी जवानाजवळ बसले, मग जमादारसाहेबांना सॅल्यूट केला, मग माझा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवसापासून ते जमादारसाहेबांकडे उर्दू शिकायला लागले. रोज संध्याकाळी, न चुकता.

बेळगावला परतल्यावर उस्तादांना बातमी आधीच कळली होती. त्यांनी मला समोर बसवलं. “काय काय बोललास, सगळं सांग. शब्द गाळू नगं.”

मी सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “‘वी हॅव क्रॉस’ न्हवं. ‘वी हॅव क्रॉस्ड.’”

“व्हय, उस्ताद.”

“आनी सर्टन म्हंजे खात्री.” मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. “चल, च्या पिऊया.”

पुढच्या आठवड्यात मी आणि मारुती दोघंही सेकंड क्लास पास झालो. तोंडी परीक्षेत साहेबांनी मला विचारलं, गेल्या आठवड्यात काय केलंस? मी सांगायला लागलो ते त्यांनी घंटा वाजवेपर्यंत थांबलो नाही.

उस्तादांना सेंटरमध्येच राहता आलं असतं. शिकवणाऱ्यांची गरज होती. त्यांनी अर्ज करून पलटणीत जागा मागितली. आम्ही एकाच जहाजातून ब्रह्मदेशाला गेलो. मारुती इरावती ओलांडताना गोळी लागून गेला. होडीत माझ्या पुढे बसला होता. त्याला आम्ही पलीकडच्या काठावर पुरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका टेकडीवर आमची पुढची कंपनी अडकली. उस्ताद त्यांच्यासोबत सेटवर होते, मी मागे बटालियनच्या सेटवर. सकाळभर त्यांचा आवाज माझ्या कानात होता. तोफखान्याला कुठं मारायचं ते सांगत होते. क्लासात बोलायचे तसाच स्वच्छ, घाई नसलेला आवाज. दुपारी तो बंद झाला. मी हाका मारत राहिलो. संध्याकाळी कंपनी उतरून आली, उस्तादांचा देह घेऊन आली.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात मी पलटणीतून सुटलो. गावी जाण्याआधी शहापूरला त्यांच्या घरी गेलो. आत माग चालू होता. दारात त्यांची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं पाट दिला, गूळ-पाणी दिलं. ती पुन्हा कांड्या भरायला बसली.

मग तीच म्हणाली, “चार वर्सांचा हुईपत्तोर एक अक्षर बोलला न्हवता बघ. लोक मुका म्हणायचे. मी देवीला साडीचा नवस बोलले हुते. मग एक दिस बोलाय लागला.”

माग थांबला. आत त्यांचे वडील ऐकत होते.

“तू हुतास न्हवं तितं?” आईनं विचारलं. “शेवटी काय बोलला?”

“हुतो, आई. मशिनवर त्यांचा आवाज माझ्या कानातच हुता. तोफांचे गोळे कुटं टाकायचे ते सांगत हुते. त्यामुळं वर अडकलेली माणसं खाली आली.”

“इंग्रजीत बोलत हुता?”

“व्हय.”

“सगळ्यांला कळत हुतं न्हवं?”

“कळत हुतं, आई. एकेक शब्द कळत हुता.”

तिनं मान हलवली. हातातली कांडी पुरी भरली, टोपलीत ठेवली. आत माग पुन्हा सुरू झाला.