निरोगी माणसांच्या यादीतली ताई

रक्त तपासण्यात माझी पंचविसेक वर्षं गेली. तेही आजारी माणसांचंच. म्हणून निरोगी माणसांचं रक्त गोळा करायचं काम आलं तेव्हा बरं वाटलं होतं. आपल्या पांढऱ्या पेशींत दोन मुख्य जाती असतात. शरीरात कुठं सूज धुमसत असली की एक वाढते, दुसरी घटते. धडधाकट माणसात त्यांचं प्रमाण कुठून कुठपर्यंत असतं, ते आमच्या भागातल्या लोकांवरून ठरवायचं होतं.

रिठद गावी शाळेत शिबिर लावलं. पन्नाशीच्या बायकांत एक कमी पडत होती. थोरली ताई तिथंच दिलेली. तिला हळदीच्या वावरातून बोलावून घेतलं. फॉर्मवर प्रश्न होते: ताप, जखम, सांधे आखडणं. ते तोंडानं विचारायचे असतात. मी विचारले नाहीत. सख्ख्या बहिणीला काय विचारायचं! सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि सुई लावली.

"पाहा वं," ताई बाकीच्या बायांना म्हणाली, "आता सुनेले सांगतो, निरोगी म्हनून शिक्का लागला मले."

ताईच्या प्रमाणाचा आकडा आला तो सगळ्यांपेक्षा फार वर. असा आकडा आला की परत तपासायचं, त्या माणसाला सांगायचं, मग यादीतून काढायचं. मी फक्त काढला. सांगायला गेलो असतो तर न विचारता लिहिलेले 'नाही' उघडे पडले असते. ऊन लागलं असेल, काटा रुतला असेल, अशी मनाची समजूत घातली आणि तिच्या जागी दुसरी बाई घेतली.

दीड वर्षानं ताईची बोटं वाकायला लागली. संधिवात. वाशीमच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "दोन वर्सं तं झालेच." म्हणजे शिबिराच्याही आधीपासून. मी शेजारी उभा होतो. त्या एका आकड्यावरून आजार कळला नसता, पण मी विचारलं तरी असतं. औषधानं सूज उतरली, बोटं काही सरळ झाली नाहीत.

गेल्या महिन्यात तिच्या चुलीपाशी बसून सगळं सांगितलं.

"काहून नाही विचारलं, बापू?"

"वाटलं, तुहं सगळं मले माहीत हाय."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "सकाळी पोलक्याचं बटन लागे नाही. लाज वाटे मले. पन तू विचारलं असतं तं तुले सांगतलं असतं मी."

मला डोळे पुसायलाही धीर होईना.

"आता रडून काय करतं? पीठ घे. सून माहेरी गेली, अन् माह्या हातानं भाकर होत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा परातीपुढं बसलो. कडा फाटत होत्या.

"थापून राह्यला का पोरगं निजवून राह्यला?" ती हसली. मग जवळ सरकली आणि आपली वाकडी बोटं माझ्या हातावर ठेवून कड कशी वळवायची ते दाखवू लागली. दोन भाकरींत तिची बोटं दमली. तिसरी मी एकट्यानं थापली.