ओट्यावरचं वायरलेस

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता विसरलो. ही एक मात्र दुपारी चारचा चहा हातात आला की हमखास आठवते. मी तेव्हा वर्ध्यात निरीक्षक होतो. वायरलेस म्हणजे ठाण्यातला खरखरणारा संच, एवढंच माझं ज्ञान.

बाहेरगावाहून शिकायला आलेली एक मुलगी हॉस्टेलमधून निघून गेली होती. वडिलांनी तिचा ईमेल छापून आणला : 'पुन्हा नापास झाले, बाबा. मला शोधू नका.' कागद त्यांच्या हातून सुटेना, मी तसाच वाचला. मिसिंगची नोंद घेतली आणि बजावलं, "उत्तर पाठवू नका, ती सावध होईल."

दोन दिवसांनी सायबर सेलकडून पत्ता आला. ईमेल सावंगीच्या वाटेवरल्या एका म्हाताऱ्या कापूस व्यापाऱ्याच्या घरून गेला होता. सगळे त्यांना काकाजी म्हणत. पुढच्या खोलीत काकाजींचा डेस्कटॉप, स्वयंपाकघरात काकूंचा लॅपटॉप, आणि खिडकीत दोघांना इंटरनेट पुरवणारी, हिरवे दिवे लुकलुकणारी डबी. मुलगा दिवाळीत येऊन बसवून गेला होता.

मी काकाजींना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांचं उत्तर एकच, "आम्ही नाई पाठवला, साहेब."

"मग पासवर्ड कोणाला दिला?"

"ठेवलाच नाई. पोरगा म्हणे, ठेवा. म्या म्हटलं, बाहेर पाण्याचा रांजण आहे, त्याले कुलूप लावलं का? मंग याले काऊन? पोट्टे येतेत, ओट्यावर बसून आपलं काम करतेत."

मी बाहेर पाहिलं. रांजणाशेजारी सतरंजी अंथरलेली होती.

काकू दारात आल्या. "एक पोरगी येते चार वाजता. दोन दिवसांपासून पाहून राह्यली मी. लॅपटॉप उघडते, पाहते अन् रडते. चहा देते मी तिले. पण परायं लेकरू, कसं विचारावं?"

साडेतीन वाजले होते. जीप लांब उभी करायला लावली आणि वडिलांना बोलावून ओट्यावर बसवलं. चारला ती आली. पवनारला मैत्रिणीकडे राहत होती, तिथे इंटरनेट नव्हतं. बाबांचं उत्तर आलं का, ते पाहायला रोज बसने यायची.

"बाबा, उत्तर का नाही दिलं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. "मीच नको म्हटलं, बेटा. चूक माझी."

पासवर्ड लावायची सक्त ताकीद देऊन मी निघालो. महिन्याभराने सहज डोकावलो, तर ओट्यावर पाटी होती : 'पासवर्ड आत येऊन विचारा.' काकूंनी चहा आणला. म्हणाल्या, "बरं झालं, साहेब. मागाले आत येतेत, तं लेकराचं तोंड दिसते. विचारता येते, जेवला का म्हणून."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुणाचंही लेकरू असं निघून गेलं, की मी आधी आईबापांसमोर कोरा कागद ठेवायचो. आधी उत्तर लिहून व्हायचं, मग मिसिंगची नोंद.