मोन्सेरातेवर जोडीने जाऊ नये

मोन्सेराते डोंगराच्या पायथ्याशी, रोपवेच्या तिकीट खिडकीकडे वळायच्या आधी डाव्या हाताला एर्मेलिंदाबाईंची टपरी आहे. बाई ओब्लेया विकतात. दोन पातळ कुरकुरीत पापड आणि मध्ये आटवलेल्या दुधाचा गोड चिकट थर, असा तो प्रकार. त्यांना लागून माझं मेणबत्त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल आणि वर ताडपत्री. वरच्या देवळात नेऊन लावायला लोक मेणबत्त्या घेतात, आणि गिऱ्हाईक नसलं की मी बाईंची गंमत बघतो. इतकी वर्षं बघतोय, पण कंटाळा म्हणून आला नाही.

बोगोता बघायला माणसं कुठून कुठून येतात, आणि आली की आधी हा डोंगर. त्यात एखादं जोडपं दिसलं, की बाई दुधाने माखलेली सुरी हातात तशीच धरून रस्त्यात उभ्या!

"लग्न झालंय?"

एकदा एका उंच गोऱ्या माणसाने ती सुरी बघून निमूटपणे पाकीटच पुढे केलं.

"ठेवा ते खिशात!" बाई ओरडल्या. "तुमचं लग्न झालंय का, एवढंच विचारतेय मी!"

लग्न न झालेली जोडी मोन्सेरातेवर एकत्र गेली, तर त्यांचं लग्न कधीच होत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण परक्या माणसाला कोण सांगणार? म्हणून बाई सांगतात. आज एकाने वर जावं, उद्या दुसऱ्याने. वरच्या पाद्रीबाबांना हे मुळीच आवडत नाही. एकदा ते टपरीवर येऊन म्हणाले, "बाई, देवाच्या दारात येऊन कुणाचं लग्न मोडतं का?"

"देव नाही हो मोडत, फादर. डोंगर मोडतो. तुम्ही ओब्लेया घ्या."

फादरनी ओब्लेया घेतली. दुसरं काय करणार?

काली शहराची एक मुलगी मात्र बाईंचं ऐकून सबंध सकाळ इथल्या बाकावर बसून राहिली. तिचा तो एकटाच वर जाऊन आला. पुढे दोघं परत आली ती कडेवर बाळ घेऊन. बाईंनी ते बाळ उचलून सगळ्या टपऱ्यांवरून फिरवलं. आणि एक जोडपं "काय अडाणी बाई आहे!" म्हणून हसत हसत वर गेलं होतं. संध्याकाळी त्यातली ती रोपवेने उतरली आणि तो पायऱ्यांनी. बाईंनी दोघांनाही गुळाचं गरम पाणी दिलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. डोंगराच्या पायाशी जन्म काढलेल्या या बाई स्वतः कधी वर गेल्या नव्हत्या.

टपरी तेव्हा त्यांच्या आईची होती. लिसांद्रो नावाचा एक गवंडी दर रविवारी तिथे यायचा. एक ओब्लेया घ्यायचा आणि मोडून मोठा तुकडा एर्मेलिंदाला द्यायचा. मग दोघं मान वर करून ते पांढरं देऊळ बघत बसायची. "चला ना वर," तो म्हणायचा. "लग्न झाल्यावर," ही म्हणायची. आईने होकार दिला, पण आधी डोक्यावर छप्पर कर म्हणाली. म्हणून गडी पैसे कमवायला व्हेनेझुएलात गेला. एका खोलीपुरतं मिळालं की येतो, म्हणून गेला. पत्रं यायची, मग विरळ झाली, आणि मग बातमीच आली की त्याने तिकडेच, माराकाइबोत, लग्न केलं. त्या दिवशी बाईंच्या हातून एक ओब्लेया धड निघाली नाही. मी तेव्हाही शेजारीच, विचारलं तर म्हणाल्या, "पापड सादळलेत."

त्यानंतर बाईंना मागण्या आल्या नाहीत असं नाही. एक पोलीस तर रोज तीन तीन ओब्लेया खाऊन पोट सुटेपर्यंत थांबला. सगळ्यांना बाईंचं उत्तर एकच. "माझं ठरलेलं आहे."

गेल्या ऑगस्टात, वारा भन्नाट सुटला होता, तेव्हा प्रवाशांची एक बस येऊन थांबली. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, गळ्यात नावाची कार्डं, पुढे पिवळं निशाण धरलेला वाटाड्या पोरगा. सगळ्यांत शेवटी काठी टेकत एक म्हातारा उतरला.

"सावकाश आजोबा," पोरगा म्हणाला. "इथली हवा विरळ असते. बाहेरच्यांना दम लागतो."

"अरे, याच हवेत जन्मलोय मी."

"हो हो, आजोबा."

"हो हो काय? ती विटांची इमारत दिसते? तिचा वरचा मजला माझा आहे."

"अरे वा! विकत घेतला होता?"

"बांधला होता, गाढवा!"

बाईंची सुरी पापडावर जागच्या जागी थांबली. चेहरा ओळखण्यासारखा राहिलाच नव्हता, पण आवाज तोच होता. म्हातारा टपरीशी आला, कार्ड पोटावर लोंबत होतं, आणि म्हणाला, "एक द्या." मग ती मोडली आणि मोठा तुकडा बाईंपुढे धरला.

बाईंनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "खूप लांबची खोली बांधलीत, लिसांद्रो."

मी मेणबत्त्या पुसायला लागलो. एकच मेणबत्ती किती वेळ पुसत होतो कोण जाणे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्याने सांगितलं. पोरं चिलीत स्थिरावलीत, तो त्यांच्याकडेच असतो. या सहलीला पोरांनीच पाठवलं. दुपारीच विमान, समुद्राकडच्या शहराला. आपल्याच गावात तो पाहुणा म्हणून आला होता, आणि तोही अर्ध्या दिवसाचा.

"चला वर," तो म्हणाला. "एकदा तरी."

"आपलं लग्न झालेलं नाही."

"आता या वयात कसलं लग्न, एर्मेलिंदा?"

बाईंनी सुरी खाली ठेवली. हात पुसले. "मग तसं म्हणा. आपलं लग्न होणार नाही, असं स्पष्ट म्हणा. म्हणा, आणि या पावली जोडीने वर येते मी."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. वाऱ्याने त्याची टोपी उडाली, ती मी धरली, तरी त्याचं तोंड तसंच उघडं. शेवटी त्याने ते मिटलं आणि मान हलवली. 'होणार नाही' असं म्हणवेना त्याला.

"मग तुम्ही एकटे जा," बाई म्हणाल्या, आणि मला वाटलं, त्या थोड्या हसल्यासुद्धा.

पोरगा "आजोबा, चला!" करत त्याला ओढून न्यायला लागला. तो पार रोपवेच्या दारापर्यंत गेला, तेव्हा बाईंनी हाक मारली. "अहो! उतरताना डब्यात शेजारच्या तारेकडच्या काचेला उभे राहा!"

तो गेल्यावर बाई बसल्या नाहीत. ताडपत्रीच्या कडेला उभ्या राहून वर बघत होत्या. पिवळ्या टोप्या परत निघायची वेळ होत आली, तशी त्यांनी एप्रन सोडला, केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "उठा शेजारी. मला एकटीला भीती वाटते."

"अहो, पण आपण दोघं? जोडीने?"

"तुमचं लग्न झालेलं आहे. तुम्हाला काय धाड भरणार आहे?"

दोन्ही दुकानं कणसं भाजणाऱ्या बाईवर टाकून आम्ही रोपवेत शिरलो. तुम्ही बसला असाल तर ठाऊक असेल, एक डबा वर निघाला की दुसरा वरून सुटतो, आणि अर्ध्या वाटेत ते एकमेकांच्या बाजूने जातात. बाई काचेला नाक लावून उभ्या. खाली झाडं, मग नुसतं धुकं. मीच दांडी घट्ट धरून उभा, मी कसला धीर देणार त्यांना!

समोरचा डबा धुक्यातून आला. आत पिवळ्या टोप्याच टोप्या, सगळ्यांची तोंडं शहराकडे, कारण तो पोरगा निशाण रोखून काहीतरी दाखवत होता. एकटा लिसांद्रो शहराकडे पाठ करून आमच्या बाजूच्या काचेला उभा होता. टोपी हातात होती. बाईंनी तळहात काचेवर टेकवला. त्यानेही टेकवला. दोन्ही डबे अगदी समोरासमोर आले, आणि गेले. एवढंच.

तळहाताचा ठसा काचेवर बराच वेळ होता. तो पुसू नये म्हणून बाई बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

वर पोचल्यावर मी म्हटलं, "देवळात जाऊ या." बाई कठड्याशी गेल्या. धुकं फाटलं होतं, विटांचं आपलं शहर पार क्षितिजापर्यंत पसरलेलं. एवढं मोठं आहे ते, हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं बहुधा. पण त्या शहर बघत नव्हत्या. पायथ्याकडची बस शोधत होत्या. ती हलली, मोठ्या रस्त्याला लागली, इतर गाड्यांत मिसळली.

"विमानतळ कुठल्या अंगाला?"

मी मावळतीकडे हात केला. बाई वाऱ्यात तिकडे बघत राहिल्या. विमानं सुटत होती, त्यातलं त्याचं कुठलं कोण सांगणार? प्रत्येकाला बाईंनी हात केला.

दुसऱ्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. बाई सुरी घेऊन रस्त्यात हजर. पोरगी हसायला लागली. "आजी, तुम्ही पण पाळलं होतं का हे?"

"पाळतेय," बाई म्हणाल्या. "काल मी वर गेले तेव्हा तो खाली येत होता. जोडीने नाही गेलो आम्ही. विचारा या शेजाऱ्यांना."

मी मान डोलावली.

"म्हणजे अजून होऊ शकतं," त्या पोरीला सांगता सांगता बाईंनी ओब्लेया मोडली आणि मोठा तुकडा बाजूच्या ताटलीत झाकून ठेवला.