भागूबाईची निळी फडकी

माझ्या आत्याला अख्खा कारखाना भागूबाई म्हणतो. पगाराच्या वेळी एकदा तिला खऱ्या नावानं पुकारलं, तर तीच मागं वळून बघत राहिली, कोण बाई आली म्हणून. भित्री भागूबाई हे नाव लहानपणी मीच ठेवलं, असं ती सगळ्यांना सांगते. साफ खोटं. तिच्या घाबरटपणाची कीर्ती माझ्या जन्माआधीची आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, वीज गेली तर अंधाराला भिते आणि आली तर शॉकला. पाळणाघरात स्वयंपाक करायची, ते गॅसच्या भीतीनं सोडलं आणि लागली कुठं, तर ॲसिडच्या कारखान्यात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

कारखाना तसा अजून रांगताच आहे. आमच्या मागच्या डोंगरात फिकट हिरवट दगड निघतो, त्यात लिथियम असतं. आधी नुसता दगड ट्रकनं बंदराला जायचा आणि बॅटऱ्या होऊन परत यायचा, तेव्हा त्याच्या भावाकडं बघवायचं नाही. मग खाणवाल्यांनी एका बाहेरच्या कंपनीशी भागीदारी जमवली. डोंगर यांचा, विद्या त्यांची. दगड इथंच भाजायचा, ॲसिडमध्ये शिजवायचा आणि बॅटरीवाल्यांना लागतो तो पांढरा खार इथंच काढायचा. मोठ्या कारखान्याआधी हा छोटा, करून बघायला. मी खाणीवरून दगडाची पूड टेम्पोनं आणून टाकतो, म्हणून मला हे सगळं पाठ.

तो खार दिसायला मिठासारखा. पण ओल्या हाताला लागला की कातडी सोलतो. पाण्यात विरघळला की ते पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं, आणि बुळबुळीत झालेली असते ती आपलीच कातडी. आत्याला कामावर घेतलं त्या दिवशी हे समजावून सांगितलं होतं. त्यानंतर आठवडाभर ती जेवताना मीठ वाढून घेत नव्हती.

तिचं काम ड्रम धुण्याचं. खाराचे निळे प्लास्टिकचे ड्रम रिकामे झाले की पाइपच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचे. बाकीच्यांनी एकदा धुतलं की झालं. हिचं समाधानच व्हायचं नाही. धुऊन झालेला ड्रम कोणता आणि राहिलेला कोणता, यात घोळ होईल या भीतीनं ती कामगारांच्या जुन्या डांगरीच्या निळ्या चिंध्या फाडून धुतलेल्या ड्रमच्या कडीला बांधायची. फडकं असलं की ड्रम धुतलेला. कुणी ठरवलेला नियम नव्हता. लोक आधी हसले, मग आपोआप त्या फडक्यावरच विसंबायला लागले.

मोठ्या कारखान्याच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या, त्या दिवशी भागीदार कंपनीचे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी सुपरवायझर साहेब अंगणात आले आणि फडकी बघून म्हणाले, "भागूबाई, ही काय लक्तरं बांधून ठेवलीत? धोबीघाट आहे का? काढा सगळी."

आत्याला ड्रमची भीती होती, पण साहेबाची त्याहून जास्त. तिनं मान हलवली आणि स्वतःच्या हातानं फडकी सोडली. धुतलेले ड्रम भिंतीशी होते, न धुतलेले दोन नळाशी. तेवढं आपल्या लक्षात राहील, असं तिनं मनाशी म्हटलं. मग तिला मंडपात खुर्च्या पुसायला पाठवलं. इकडं रांगा सरळ दिसाव्यात म्हणून ड्रम हलवले गेले. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि संध्याकाळी साहेबांनी खुशीत सांगितलं, रिकामे ड्रम ज्याला हवेत त्यानं न्या, पाणी भरायला चांगले आहेत. आत्या तोवर घरी गेली होती.

सकाळी मी पूड घेऊन पोचलो तर ती नळाशी उभी. चेहरा चुन्यासारखा. एक एक ड्रम तिरका करून आत बघत होती. एकाच्या तळाशी पांढरी खपली सापडली.

"दुसरा नाही," ती म्हणाली.

"कसला दुसरा?"

"न धुतलेला दुसरा. इथं नाहीये. लोकांनी नेले रे. आपल्या जावयानंही नेलाय."

जावई म्हणजे माझ्या आतेबहिणीचा नवरा. तो इथंच ट्रकवर माल चढवतो, आणि त्या वेळी बंदराच्या वाटेवर होता. आतेबहीण घरात एकटी, पदरात दोन महिन्यांची मुलगी. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती बाळ झोपलं की फोन उशीखाली दाबून ठेवते, हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. साहेब बाकीच्यांना फोन करायला धावले, मी पूड न उतरवताच टेम्पो काढला.

आत्या शेजारी बसली होती. पट्टा लावायलाही विसरली. एरवी माझ्या टेम्पोत बसताना ती आधी ब्रेकची चौकशी करते. आज तिच्या ओठांवर एकच गोष्ट, "दहाला आंघोळ घालते ती. दहाला घालते." घड्याळाकडं मी मुद्दाम बघितलं नाही.

वाटेत वॉचमनचं घर लागतं. त्यानंही ड्रम नेला होता. आत्या एकदम म्हणाली, "थांबव."

"वेडी झालीस का? आधी आपलं बघू."

"साहेबांचा फोन लागला नसला तर? इथंही पोरं आहेत. थांबव म्हणते ना."

मी चिडलो, पण थांबवला. तिला टेम्पोचं दार उघडेना. मीच धावलो. ड्रम दारात पालथा घातलेला, वर पोरगं बसून बिस्किट खात होतं. त्याला उचलून बाजूला ठेवलं, आत बघितलं. लख्ख. माझा जीव हलका व्हायला हवा होता, तो आणखी जड झाला. हा नाही, म्हणजे जावयानं नेलेला तो असण्याची भीती वाढली.

आतेबहिणीच्या दारातून आम्ही हाका मारतच शिरलो. ती मागच्या मोरीत होती. निळा ड्रम काठोकाठ भरलेला. समोर प्लास्टिकचं घंगाळ, त्यात पाणी, आणि हिचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत. बाळ शेजारी पाटावर टॉवेलात, उघडंवाघडं, पाय झाडत.

"बरी आलीस," ती आईकडं बघून हसली. "पाणी बघ ना किती मऊ आलंय आज. हात कसे गुळगुळीत झालेत. बाळाला साबणच नको लावायला." असं म्हणून तिनं बाळाकडं हात केला.

मी जागचा हललो नाही, हे लिहून ठेवतो. आत्यानं पाय मारून घंगाळ उलटवलं, चप्पल निसटली आणि ती अनवाणीच त्या पाण्यात उभी राहून लेकीला नळाकडं ओढत राहिली. "आई, काय करतेस, दुखतंय," असं ती ओरडायला लागली तरी आत्यानं नळाखालचे तिचे हात सोडले नाहीत. मी बाळाला उचललं. कोरडं होतं. मी त्याचा तळवा न् तळवा बघितला आणि मग मला रडू आलं.

आतेबहिणीच्या हातांची सालं निघाली, पण हात वाचले. आत्याच्या तळपायांना फोड आले. स्वतःच्या पायांवर पाणी घ्यायचं तिला सुचलंच नाही.

साहेब फळं घेऊन भेटायला आले. खाली मान घालून म्हणाले, "माझं चुकलं." आत्या म्हणाली, "फडकी मीच सोडली, साहेब." मला असा राग आला तिचा. ते गेल्यावर मी बोललोच, "त्यांनी सांगितलं म्हणून सोडलीस ना? मग आता ती नोकरी सोड."

"सोडते," ती म्हणाली. "पण मग ड्रम धुवायला दुसरी कुणी ठेवतील. ती भिणारी नसली तर?"

पाय बरे झाल्यावर ती परत गेली आणि धुतलेल्या ड्रमना पुन्हा फडकी बांधायला लागली.

आता मोठ्या कारखान्याचे खांब उभे राहतायत. गेल्या आठवड्यात भागीदार पुन्हा बघायला आले. पाहुण्यांना रस्ता दाखवायला दुसराच कुणी नवा साहेब होता. तो पुढं येऊन आत्याला हळूच म्हणाला, "मावशी, हे फडक्यांचं तेवढं काढून घ्या."

मी टेम्पोपाशी उभा होतो. आत्यानं जवळच्या ड्रमची कडी घट्ट धरली. "नाही काढणार," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की साहेबाला पुन्हा विचारावं लागलं. ती पुन्हा तेच म्हणाली. पाहुणे ड्रमांपाशी येऊन थांबले आणि हा खडखड आवाज कसला म्हणून इकडं तिकडं बघायला लागले. तिचा हात थरथरत होता आणि हातातली कडी ड्रमवर वाजत होती. फडकं तसंच होतं.