रोफिकचा हलणारा सोफा

जेपारा हे लाकडी कोरीवकामाचं गाव. तिथं लाकूड कोरणारा माणूस मोराला कंटाळला, तर त्याचं डोकं ठिकाणावर नाही असंच लोक समजतात. रोफिकनं बावीस वर्षं मोर कोरले होते. पलंगावर मोर, कपाटावर मोर, एकदा तर कुणाच्या तरी संडासाच्या दारावर मोरांची जोडी. शेवटी त्यानं मेहुण्याच्या कारखान्याला रामराम ठोकला आणि जाहीर केलं की आपण हलणारा सोफा करणार. घरात सिनेमा बघताना पडद्यावर पूल कोसळला, की बसणाऱ्याच्या बुडाखाली धरणी हलली पाहिजे.

अशा खुर्च्या परदेशातून येतात, पण तेवढ्या पैशात मोटरसायकल येते. रोफिकनं लग्नात गाणी वाजवणाऱ्यांकडून फुटके स्पीकर आणले, त्यांचे कागदी पडदे कापून टाकले आणि उरलेले चुंबकाचे गोळे सागवानी बैठकीला खालून स्क्रूनं आवळले. आवाज थेट लाकडात शिरायला लागला. पहिल्याच चाचणीत बायकोचा, म्हणजे मुन्जियाहचा, चहा कपातून बशीत आला. रोफिकला हे मोठं यश वाटलं. मुन्जियाह चिडली की नवऱ्याला आणखीच आदरानं 'पाक', म्हणजे 'साहेब', म्हणायची.

"रविवारी सेमारांगच्या व्यापारीण बाई येताहेत ना, पाक? त्यांनी ऑर्डर दिली तर ठीक. नाहीतर सोमवारी माझ्या भावाकडं जायचं आणि गुपचूप मोर कोरायचे."

रविवारी दुपारी व्यापारीण, बु एंडांग म्हणजे एंडांगबाई, आल्या. खोली भरलेली दिसावी म्हणून रोफिकनं शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं, आणि इथंच तो फसला. गल्लीतली सगळ्यांत वडील म्हातारी, म्बाह कस्मिनी म्हणजे कस्मिनी आजी, सवयीनं खाली चटईवर बसली. आता वडीलधारं माणूस खाली असताना वर कोण बसणार? शेजारी चटईवर बसले. बु एंडांगही चांगल्या घरच्या, त्याही पाय दुमडून चटईवर बसल्या. रोफिक प्रत्येकापुढं वाकून वाकून सोफा दाखवत होता आणि जो तो म्हणत होता, इथंच बरंय. म्हातारी म्हणाली पाहुणीनं बसावं, पाहुणी म्हणाली म्हातारीनं. तळलेली केळी फिरली, पडदे ओढले, भुताचा सिनेमा सुरू झाला आणि सोफा मागं रिकामाच राहिला. रोफिकला रडू यायचं बाकी होतं.

मग सिनेमातली हडळ केळीच्या झाडावरून खाली उतरली. धाडकन आवाज झाला. मागं रिकामा सोफा गुरगुरला, त्याच्या उशा उडाल्या आणि गुळगुळीत फरशीवरून तो वीतभर पुढं सरकला.

सगळ्यांनी एकदमच वळून पाहिलं. आधी कोण पळालं यावर गल्लीत बरेच दिवस वाद चालला. तिसरा स्वतः रोफिक होता, हे मात्र मुन्जियाहनं डोळ्यांनी पाहिलं. अंगणात पोचल्या तेव्हा बु एंडांगच्या एका पायात त्यांची चप्पल होती, दुसऱ्यात रोफिकची. म्हातारीचे गुडघे धरलेले, ती एकटीच आत राहिली. ते लक्षात आल्यावर सगळे ओशाळून दाराशी परतले.

सोफा सरकत सरकत म्हातारीच्या पाठीला येऊन टेकला होता. सिनेमातल्या किंकाळ्या चालूच होत्या, आणि म्बाह कस्मिनी डोळे मिटून मागं रेलली होती.

"रोफिक," ती म्हणाली, "जरा डावीकडं घे रे, कमरेत. आणि त्या बाईला पुन्हा झाडावरून उतरव."

बु एंडांगनी दोन्ही चपला काढल्या, म्हातारीशेजारी जाऊन पाठ टेकली आणि सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "पाय कापा, बैठक काढा, नुसती टेकायची पाठ ठेवा. चटईवर मांडता आली पाहिजे. पन्नास करा."

रोफिकनं छाती फुगवून बायकोकडं पाहिलं.

"आणि प्रत्येकावर मोर कोरा," बु एंडांग चप्पल शोधता शोधता म्हणाल्या. "मोराशिवाय आमच्याकडं काही खपत नाही."

मुन्जियाह इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. रोफिक दोन दिवस धुसफुसत छिन्नी चालवत राहिला. तिसऱ्या दिवशी पहिला मोर कोरून झाला. त्यानं मागून चुंबक आवळला, सिनेमा लावला आणि पिसाऱ्यावर तळवा ठेवला. हडळ उतरली तसा पिसारा थरथरला. बावीस वर्षांत त्याचा एकही मोर कधी हलला नव्हता. कुणी बघत नाही ना याची त्यानं खात्री केली आणि हडळीला पुन्हा झाडावर चढवलं.