मंडळात मला दाखवलं

"जातं का हो हे पुसून?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मला नाही, वहिनीबाईंना. मी दोघींच्या मधे उभी होते. गालिच्यावर. माझ्या हनुवटीवर गोंदण आहे, ठिपके आणि त्याखाली एक बारीक फांदी. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून रुमाल काढला, त्यावर युडीकोलन ओतलं, आणि एका हाताने माझा जबडा धरून दुसऱ्या हाताने घासायला लागल्या. बाजारात बैलाचे दात बघताना धरतात, तसा जबडा धरला होता. आधी थंड वाटलं. मग झोंबलं. त्यांनी रुमाल उलटून बघितला. नुसती पावडर लागली होती.

"नाही जात," त्या म्हणाल्या. बाकीच्या बायका हसल्या.

मी रडले नाही. लाज मात्र वाटली. घासणारीची वाटायला हवी होती. मला माझ्या हनुवटीची वाटली.

ही गोष्ट मुंबईची. गिरगावच्या बाजूला वहिनीबाईंचं बिऱ्हाड होतं. महिन्यातून एकदा तिथे बायकांचं मंडळ जमायचं. डॉक्टरीणबाई त्या मंडळाच्या अध्यक्ष. त्या दिवशी वहिनीबाईंनी मला आधी माझ्या घरच्या कपड्यांत आणलं. गुडघ्यापर्यंत कास मारून नेसलेलं लुगडं, डोक्यावर फडकी, गळ्यात मण्यांच्या माळा, पायांत पितळेचे वाळे. "वळ," म्हणाल्या. मी वळले. एका बाईने छत्रीच्या टोकाने माळा उचलून बघितल्या. मग मला पडद्याआड पाठवलं. तिथे जॉर्जेटचं पातळ, झंपर, स्नो, पावडर, उंच टाचेच्या चपला तयार होत्या. बदलून बाहेर आले तर टाळ्या. वहिनीबाई म्हणाल्या, "रानातून आणली. मी हिला माणसात आणलं." त्यानंतरच तो रुमाल.

आमचा पाडा म्हसावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. आम्ही भिल्ल. माझा आबा, म्हणजे बाप, म्हसावदच्या पाटलांकडे सालदार होता. मी तिथे गोठा झाडायची, कापूस वेचायची. पाटलांचा मुलगा मुंबईत वकिली करायचा. त्याच्या बायकोला, वहिनीबाईंना, मूल झालं आणि मूल सांभाळायला मुलगी हवी झाली. पाटलांनी आबाला सांगितलं. विचारलं नाही. याहाने, माझ्या आईने, माझं तोंड दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघितलं. बैलगाडीने तापी ओलांडून नंदुरबारला आलो, तिथून गाडी, सुरतेला दुसरी गाडी. मी तोवर म्हसावदचा बाजारच मोठा समजत होते.

मुंबईत मी काय काय बघितलं ते सांगते. कारण ते मला आवडलं. हे लपवून सांगितलं तर बाकीचं सगळं खोटं होईल.

काचेच्या भिंतींची दुकानं होती. काचेआड लाकडाची बाई पातळ नेसून उभी. पहिल्यांदा मी तिला वाट दिली, वहिनीबाई पोट धरून हसल्या. एका ठिकाणी बायकांचे केस कापायचे. तापवलेल्या चिमट्याने केस गुंडाळायचे, धूर निघायचा, आणि सोडले की केसांना लाटा. अत्तराच्या दुकानात माणूस मनगटावर थेंब सोडायचा आणि म्हणायचा, थांबा, आत्ता हुंगू नका. ओठांना लावायची लाल कांडी मी तिथेच बघितली. वहिनीबाई दुकानांत शिरायच्या, मी बाळाला कडेवर घेऊन, पुड्या सांभाळत दाराशी. तिथून सगळं दिसायचं.

घरी त्यांच्या खोलीत माणसाएवढा आरसा होता. त्याआधी मी स्वतःला पाण्यात बघितलं होतं, आणि पाटलांच्या ओसरीवरच्या हातभर आरशात, जाता जाता. अख्खी कधी बघितली नव्हती. वहिनीबाईंनी पहिल्यांदा मला स्नो लावला तेव्हा बोटं गार होती आणि वास जाईचा होता. त्यांनी माझी वेणी घातली, रिबीन बांधली. मी आरशात बघितलं आणि मला मी सुंदर वाटले. कुणाला सांगायची गोष्ट नव्हती. मी बाळाला सांगितली.

वहिनीबाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांचंही मी बघितलं होतं. त्या पण खेड्यातल्या. पहिल्यांदा मंडळात गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडून "मन्हा भाऊ" निघालं आणि बायकांनी एकमेकींकडे बघितलं. घरी येऊन त्या पलंगावर पालथ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून नऊवारी ट्रंकेत गेली, गोल पातळ आलं. आरशासमोर उभ्या राहून "माझा भाऊ, माझा भाऊ" म्हणायच्या. मलाही ती भाषा त्यांनीच शिकवली. आमची बोली त्यांना कळायची नाही, अहिराणी त्यांना नको झाली होती. मग आमच्या दोघींत पुस्तकी मराठी आली. चुकले की त्या हसायच्या, मंडळातल्या बायका त्यांना हसायच्या तसंच.

त्यांना मंडळात जागा हवी होती. ती मिळवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. मी होते.

रुमालाच्या त्या दिवसानंतर मी रोज न्हाणीत हनुवटी घासायला लागले. साबणाने, मग राखेने, मग विटेच्या तुकड्याने. साल निघाली, रक्त आलं, खपली धरली. खपली पडली आणि खालून फांदी तशीच वर आली. याहाच्या मांडीवर डोकं ठेवून मी ते गोंदून घेतलं होतं. बाकीचं सगळं मेल्यावर इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आमच्यात मानतात. ते मी विटेने घासत होते. बाळ दाराशी बसून बघत होतं.

एवढ्यात मंडळाने मोठा कार्यक्रम ठरवला. नाट्यगृह घेतलं. तिकीट लावून गरिबांसाठी निधी जमवायचा होता. गाणी, पातळं नेसण्याचे नवे प्रकार, केशरचना, आणि शेवटी मी. आधी रानातली, मग शहरातली. वहिनीबाई आनंदात होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवून घेतलं होतं.

त्या दिवशी रंगमंचामागच्या खोलीत मी माझी कपड्यांची गाठोडी सोडली. डॉक्टरीणबाई आल्या, लुगडं हातात धरून म्हणाल्या की हे फारच साधं आहे, लांबून काही समजणार नाही. त्यांनी पिशवी मागवली. तिच्यात आंब्याच्या पानांचा पट्टा होता, दोऱ्यात ओवलेला. मोरपिसं होती. आणि एका वाटीत तेलात कालवलेली काजळी.

मी म्हटलं, "आम्ही पानं नेसत नाही."

"अगं, लोकांना समजायला हवं ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी वहिनीबाईंकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. आमच्या पाड्यावरच्या बाया त्यांच्या सासरच्या शेतात त्यांनी लहानपणापासून नाही तरी लग्नापासून बघितल्या होत्या. कापूस वेचताना, लुगड्यात. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या कमरेला पट्टा बांधला. त्यांनीच बांधला. मोरपिसं दुसऱ्या कुणीतरी खोचली. काजळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः लावली. गालाला, दंडाला, गुडघ्यांना. माझा रंग त्यांना पुरेसा काळा वाटला नव्हता.

लुगडं आणखी वर ओढून खोचलं. मांड्या उघड्या पडल्या. माझ्या पाड्यावर, नदीवर अंघोळ करताना सुद्धा, मला असं उघडं कुणी बघितलं नव्हतं. बाहेर पुरुष बसलेले. आमचे वकीलसाहेब बसलेले. मला वाटलं जमीन फाटावी. आणि खरं सांगते, त्या वेळी सुद्धा मनात होतं की हे एकदा होऊ दे, मग जॉर्जेट मिळेल, पावडर मिळेल, टाळ्या मिळतील. तेवढ्यासाठी मी उभी राहिले. ढकललं तशी पडद्यासमोर गेले.

उजेड डोळ्यांवर आला. आधी काही दिसलं नाही. मग हसणं ऐकू आलं. पुढच्या रांगेत एक म्हातारी बाई बसली होती, साधी, बहुतेक कुणाची तरी आई. ती हसत नव्हती. तिने आपला पदर ओढून स्वतःच्या गुडघ्यांवर घेतला. लाज माझी जात होती आणि झाकून ती घेत होती. त्या बाईचं मला नावही माहीत नाही. पण तिने पदर ओढला आणि माझ्या आत काहीतरी ताठ झालं.

मी पट्ट्याला हात घातला. दोरा तुटला. पानं खाली पडली. मोरपिसं उपटली. लुगडं खाली सोडलं, नीट कास घातली. फडकी नव्हती, म्हणून लुगड्याच्याच सोग्याने तोंड पुसलं. काजळी सगळी निघाली नाही. वहिनीबाईंनी शिकवलेल्या मराठीत मी बोलले.

"ही पानं आमची नाहीत. ही काजळी पण आमची नाही. इथल्या बायांनी आत्ता मागे फासली."

मग मी माझं नाव सांगितलं, आबाचं नाव सांगितलं, पाड्याचं सांगितलं. कुणीतरी पडदा पाडला.

मागे वहिनीबाई उभ्या होत्या. तोंड पांढरं. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडातून त्यांची स्वतःची भाषा निघाली. "तूनी मन्हं नाक कापं," त्या म्हणाल्या. मारलं नाही. त्या रडायला लागल्या. मलाही रडू आलं, पण मी त्यांच्याजवळ गेले नाही.

मला परत पाठवलं. पाटलांच्या ओळखीचा एक माणूस नंदुरबारला येणार होता, त्याच्याबरोबर. निघताना बाळ माझ्या गळ्यातली माळ सोडेना. तेवढंच मला जड गेलं.

माझ्या आधी बातमी म्हसावदला पोचली होती. पाटलांनी आबाला आणि मला बोलावलं. पाटील ओट्यावर, आम्ही खाली अंगणात. घरातल्या बाया दाराआड. पाटील आबाला म्हणाले, "पोरले समजाड. माफी मांग म्हना."

आबाने काय घडलं ते मला विचारलंच नव्हतं. त्याने डोक्याचं मुंडासं काढलं आणि पाटलांच्या ओट्याच्या पायरीवर ठेवलं. त्याचं टक्कल मी तोवर नीट बघितलं नव्हतं. ऊन पडलं होतं त्यावर. मुंबईत जबडा धरला तेव्हा, पानं बांधली तेव्हा, मांड्या उघड्या पडल्या तेव्हा वाटली त्याहून जास्त लाज मला त्या अंगणात वाटली. माझ्यामुळे तो वाकला होता. वाटलं, मागून टाकावी माफी. दोन शब्द. कुणाचं काय जातं.

पण कशाची मागू, तेच सुचेना. पाटील म्हणाले, बोल. मी शोधत होते. खरंच शोधत होते. मी काय केलं होतं? अंग झाकलं होतं.

मी पायरीपाशी गेले, मुंडासं उचललं, झटकलं आणि आबाच्या हातात दिलं. पाटलांना म्हटलं, "मी अंग झाकं, पाटील. त्यानी माफी नही मांगनं माले."

आबाने मुंडासं डोक्याला गुंडाळायला फार वेळ लावला. मग तो वळला आणि माझ्याआधी चालायला लागला.

त्याचं पाटलांकडचं साल गेलं. त्या वर्षी आम्ही मोहाची फुलं वेचली, लाकडं विकली, डोंगरातल्या पट्टीत भगर पेरली. अर्धपोटी दिवस गेले. आबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. याहा बोलायची. मुंबईचं सगळं तिने मला विचारून घेतलं, काचेतल्या बाईपासून. नाट्यगृहाचं सांगितलं तेव्हा मात्र ती उठून बाहेर गेली आणि परत आली ती डोळे पुसून.

होळीच्या आधी पाटलांचा गडी पाड्यावर आला. दर वर्षी यायचा. पाटलांकडे पाहुणे आले की होळीला आमच्या पोरींना त्यांच्या अंगणात नाचायला बोलवायचे. नाचून झालं की गूळ मिळायचा. मीही नाचले होते, लहान असताना. पाहुणे खुर्च्यांवर बसायचे, बोट दाखवून एकमेकांना काहीतरी सांगायचे. तेव्हा ते मला दिसलं नव्हतं.

गडी म्हणाला, या वेळी मुंबईचे पाहुणे आहेत, पोरी नीट सजवून पाठवा. पाड्यावरच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. शहर बघून आलेली मी एकटीच. कुणाच्या घरात धान्य नव्हतं हे मला माहीत होतं. गूळ नको असं कुणाच्या वतीने म्हणायचा मला काय हक्क, हेही मनात आलं. म्हणून मी बायांना काय करा ते सांगितलं नाही. मंडळात मला कसं उभं केलं, कोणी काय धरलं, काय घासलं, कमरेला काय बांधलं, ते सगळं सांगितलं. कुठेही न लपवता. मांड्यांचंही. सांगताना मान वर ठेवणं अवघड होतं. ठेवली.

मग एकीने आपल्या पोरीला हाताला धरून घरात नेलं. मग दुसरीने.

गडी माझ्यापुढे उभा राहिला. पाटलांना काय सांगू म्हणाला.

मी म्हटलं, "आमची होळी आमच्या पाड्यावर शे. आम्ही आमनासाठे नाचतस. कोनले देखनं व्हई तर वर चढी येवो, आनि आमनासारखं भुईवर बसो."